गुपित राखा, समजावून सांगा, मग सही घ्या

वरवंड (ता. दौंड, जि. पुणे) व परिसरातील रुग्ण आणि त्यांच्या नातलगांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
१. मा. जिल्हाधिकारी, पुणे
२. मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, पुणे
३. मा. जिल्हा शल्यचिकित्सक, पुणे
४. मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, पुणे
५. मा. तालुका आरोग्य अधिकारी, दौंड व शिरूर
६. दौंड व शिरूर तालुक्यांतील सर्व खासगी रुग्णालयांचे संचालक

विषय : रुग्णाच्या माहितीची गोपनीयता आणि उपचाराआधीची समजून घेतलेली संमती, याबाबत कायद्याने आधीच दिलेले हक्क गावपातळीवरील दवाखान्यांत प्रत्यक्ष लागू करण्याबाबत.

महोदय, महोदया,

पुणे-सोलापूर महामार्गावरचे वरवंड मोठे आणि वर्दळीचे असले तरी शेवटी गावच आहे. सकाळी कोण कोणत्या दवाखान्यात शिरले, हे दुपारपर्यंत आळीभर होते. केसपेपर लिहिणारा रुग्णाच्या ओळखीचा असतो, औषध देणारी त्याच्या भावकीतली असते आणि रांगेत मागे उभा असलेला माणूस शेताचा बांधकरी असतो. शहरातला रुग्ण गर्दीत हरवू शकतो. गावातल्या रुग्णाला ती सोय नाही. त्याचे गुपित राखायला डॉक्टर, परिचारिका आणि दवाखान्याची भिंत, एवढेच असते.

गुपित फुटले की त्याची किंमत सगळे घर मोजते. ठरलेली सोयरीक मोडते, मजुराला कामावरून नको म्हणतात, सुनेला माहेरी धाडतात. हे डोळ्यांसमोर घडताना पाहिलेला माणूस पुढच्या वेळी दवाखान्याची पायरी चढत नाही. क्षयाच्या गोळ्या जवळच्या सरकारी केंद्रात फुकट मिळत असताना तो ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून दूरच्या गावी जातो. भाडे परवडेनासे झाले की गोळ्या मध्येच सोडतो. अर्धवट सोडलेल्या गोळ्यांमुळे क्षयाचे जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि तोच आजार घरातल्या लेकरांपर्यंत पोचतो. म्हणून आमचे पहिले म्हणणे असे की, गोपनीयता हा उपचाराचाच भाग आहे. ती पाळली नाही, तर औषधाचा साठा भरलेला असूनही आजार गावात राहतो.

दुसरे म्हणणे संमतीचे आहे. स्ट्रेचरवर पडलेल्या बाईच्या नवऱ्यापुढे इंग्रजी छापील कागद धरायचा, बोटाने जागा दाखवायची आणि 'इथे सही करा' म्हणायचे, याला संमती म्हणता येत नाही. काय करणार, का करणार, त्यात धोका कोणता, दुसरा मार्ग आहे का आणि काहीच केले नाही तर काय होईल, हे ज्याला कळले त्याचीच सही खरी.

आमच्या भागाचा अनुभव

या दोन्ही गोष्टींसाठी पुणे जिल्ह्याने फार पूर्वी झगडा केला आहे. १८९७ च्या प्लेगात वॉल्टर रँड यांच्या हाताखालच्या प्लेग समितीने पुण्यात सोल्जर घेऊन घरांची झडती घेतली, संशयितांना उचलून रुग्णालयात आणि विलगीकरण छावणीत नेले. स्त्रियांच्या अंगाची तपासणी चारचौघांत झाल्याच्या तक्रारींनी शहर पेटले. शेजारच्या केडगावात मुक्ती सदन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात लिहून प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल सरकारला उघड जाब विचारला. प्लेग रोखण्याची गरज खरी होती. पण माणसाची अब्रू बाजूला ठेवून रोग रोखता येतो, हा समज खोटा होता. लोक रोगी लपवू लागले आणि रोग लपलेल्या घरांतून पसरत राहिला.

त्याच वर्षी झालेला साथरोग कायदा २०२० मध्ये कोविडसाठी पुन्हा वापरात आला. मार्च २०२० मध्ये राज्यात घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. बाधितांच्या नावांच्या याद्या मोबाइलवरून गावोगाव फिरल्या. घरांवर बहिष्कार पडला, बरे होऊन आलेल्यांनाही किराणा मिळेना. १८९७ आणि २०२० यांच्यामध्ये जवळपास सव्वाशे वर्षे गेली, राज्य बदलले, राज्यघटना आली. तरी साथ आली की रुग्णाची ओळख उघडी करण्याची सवय तशीच राहिली. पुढची साथ येण्याआधी ही सवय मोडायला हवी.

संमतीच्या बाबतीत सर्वांत मोठा धडा ऊसतोड बायकांनी दिला आहे. दिवाळीच्या सुमारास अहिल्यानगर, बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या आमच्या भागातल्या उसाच्या फडात येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा पैशांनी कापला जातो. पाळीचे चार दिवस, अंगावरून जाणे, पोटदुखी, सगळे खाड्याच्या हिशेबात मोजले जाते. अशा बाईला 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल, नाहीतर कॅन्सर होईल' असे सांगितले की ती हो म्हणते. २०१९ मध्ये विधान परिषदेत सरकारने सांगितले की, बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण आले. त्यांतील १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे जवळपास दर सहा बायकांमागे एक. या सर्व फायलींमध्ये सही किंवा अंगठा असणारच. तो घेताना त्या बाईला पर्याय सांगितला होता का, अंडाशयही काढले तर हाडे ठिसूळ होतात हे सांगितले होते का, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला वेळ दिला होता का, हे फाइल सांगत नाही. त्याच बायका हंगामभर आमच्या शिवारात राहतात आणि दुखले-खुपले की आमच्याच भागातल्या दवाखान्यांत येतात. म्हणून हा प्रश्न फक्त बीडचा आहे, असे म्हणून आम्हाला हात झटकता येणार नाहीत.

आम्ही नवे काही मागत नाही

आमच्या जवळजवळ प्रत्येक मागणीमागे लागू असलेला कायदा, नियम किंवा निकाल आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहिता विनियमांनुसार रुग्णाचे गुपित फोडणे, संमतीशिवाय शस्त्रक्रिया करणे आणि ओळख पटेल असे रुग्णाचे छायाचित्र परवानगीशिवाय प्रसिद्ध करणे हे गैरवर्तन आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने रुग्णहक्कांची सनद खासगी रुग्णालयांत लावणे बंधनकारक केले. माहिती, संमती, गोपनीयता आणि दुसरे मत घेण्याचा हक्क या सनदेतच आहे. कायद्याच्या पुस्तकात सगळे आहे. केसपेपरच्या खिडकीपाशी, तपासणीच्या टेबलापाशी आणि ऑपरेशन थिएटरच्या दारात ते पोचलेले नाही. आमच्या मागण्यांचा भर या तीन जागांवर आहे.

मागण्या

१. तपासणीला आडोसा आणि एका वेळी एकच रुग्ण.
प्रत्येक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात आणि खासगी दवाखान्यात तपासणीच्या टेबलाभोवती पूर्ण पडदा असावा. डॉक्टरांच्या खोलीत एका वेळी एकच रुग्ण आणि त्याने बरोबर आणलेली व्यक्ती असावी. आज अनेक ठिकाणी एकाची तपासणी चालू असताना पुढचे तिघे त्याच खोलीत बाकावर बसलेले असतात. केसपेपरच्या खिडकीवर 'काय होतंय?' असे मोठ्याने विचारू नये. तिथे नाव, वय आणि गाव पुरेसे आहे. त्रास काय तो रुग्ण डॉक्टरांना सांगेल. नावाऐवजी क्रमांकाने हाक मारावी. या कामाला मोठा निधी लागत नाही. सरकारी केंद्रांत रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून पडदा, फळी आणि क्रमांकाच्या चिठ्ठ्या होऊ शकतात.

२. स्त्री रुग्णाच्या तपासणीवेळी दुसरी स्त्री हजर असावी.
पुरुष डॉक्टर तपासत असतील तर परिचारिका किंवा रुग्णाने निवडलेली बाई तिथे असावी, हे रुग्णहक्कांच्या सनदेत आहेच. ज्या दवाखान्यात एकही स्त्री कर्मचारी नाही, तिथे ही गोष्ट दर्शनी भागात लिहावी, म्हणजे बाई सोबत कोणाला तरी घेऊन येईल.

३. संमतीपत्र मराठीत, नेमके आणि वेळ देऊन.
(अ) संमतीपत्र सोप्या मराठीत असावे. गुऱ्हाळांवर आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत हिंदी बोलणारे कामगार मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्यासाठी हिंदीतही असावे. बंजारा कुटुंबांना त्यांच्या बोलीत समजावून सांगणारे माणूस बोलवावे.
(आ) आजार, करायची शस्त्रक्रिया, मुख्य धोके, दुसरे उपचार आणि अंदाजे खर्च हे रकाने डॉक्टरांनी हाताने भरावेत. कोऱ्या कागदावर किंवा 'आवश्यक ते सर्व उपचार' अशा सरसकट वाक्याखाली सही घेऊ नये.
(इ) तातडी नसलेल्या शस्त्रक्रियेची संमती आदल्या दिवशी तरी घ्यावी. थिएटरचे कपडे चढवल्यावर किंवा गुंगीचे इंजेक्शन दिल्यावर घेतलेली सही आम्ही संमती मानत नाही.
(ई) अंगठा घेताना रुग्णाच्या बाजूचा साक्षीदार असावा आणि मजकूर त्याला मोठ्याने वाचून दाखवावा.
(उ) संमतीपत्राची प्रत रुग्णाला द्यावी.

कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ च्या निकालात असेच सांगितले आहे. बिहारच्या अररिया जिल्ह्यात २०१२ मध्ये झालेल्या शिबिरावरून ते प्रकरण न्यायालयात गेले होते. रुग्णाला तिच्या भाषेत सगळे समजावून सांगावे आणि विचार करायला सुमारे तासभर मोकळा वेळ द्यावा, असे न्यायालयाने म्हटले आणि नसबंदीची शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले. कुटुंब नियोजनाच्या टाक्यासाठी तासभराचा वेळ न्यायालयाला गरजेचा वाटतो, तर गर्भपिशवी काढण्यासारख्या निर्णयाला एक रात्र मागणे अवाजवी नाही.

४. ज्याचे शरीर, त्याची सही.
सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाऐवजी नवऱ्याची, सासऱ्याची किंवा आईची सही घेण्याची पद्धत बंद करावी. दिल्लीतील एका महिलेला तपासणीसाठी भूल दिली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि अंडाशय काढण्यात आले. १६ जानेवारी २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही संमती ग्राह्य धरली नाही. तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही आणि जीव वाचवण्याची तातडी नसेल तर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे, असा त्याचा अर्थ आहे. कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेला नवऱ्याची संमती लागत नाही, असे केंद्र सरकारची मानके सांगतात. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला कायद्याने फक्त तिचीच संमती लागते. तरीही 'मालकांना घेऊन या' म्हणून बाईला परत पाठवले जाते आणि ती शेवटी असुरक्षित ठिकाणी जाते. घरच्यांशी बोलावे, त्यांना धीर द्यावा, पण तेही रुग्णाला विचारून. निर्णय आणि सही तिची असावी.

५. गर्भपिशवी काढण्याआधी दुसरे मत.
दौंड व शिरूर तालुक्यांतील प्रत्येक रुग्णालयाने गर्भाशय काढण्याच्या तातडी नसलेल्या शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे लेखी मत घ्यावे. हे मत दौंडचे उपजिल्हा रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय येथे विनामूल्य मिळावे. बीडमध्ये २०१९ नंतर अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. तिथे जे करता आले ते पुणे जिल्ह्यातही करता येईल. गाळप हंगामात उसाच्या फडाजवळ आणि कारखान्यांच्या तळावर आरोग्य पथक पाठवून ऊसतोड बायकांना या हक्कांची माहिती द्यावी. ती देताना मुकादम हजर नसावा. बाईच्या पाळीची किंवा आजाराची माहिती मुकादमाकडे जाता कामा नये, कारण तीच पुढच्या उचलीचा भाव ठरवते.

६. एचआयव्ही, क्षय, मानसिक आजार आणि गर्भपात यांच्या नोंदी बंदिस्त.
एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. समुपदेशन आणि संमती यांशिवाय एचआयव्ही चाचणी करता येत नाही आणि नोकरीची अट म्हणूनही ती मागता येत नाही. म्हणून फाइलवर लाल शाईने खूण करणे, खाटेला पाटी लावणे, शस्त्रक्रियेआधी न सांगता चाचणी करणे हे ताबडतोब थांबवावे. गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने गर्भपात केलेल्या स्त्रीचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली आहे. तेव्हा या नोंदवह्या कुलपात असाव्यात. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ रुग्णाच्या माहितीला आणि छायाचित्राला संरक्षण देतो. विष पिऊन आलेल्या शेतकऱ्याचे नाव आणि कारण दवाखान्यातून बातमीदाराकडे जाऊ नये.
क्षयरोगाची नोंद सरकारला कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण ती नोंद आरोग्य विभागासाठी असते, ग्रामपंचायतीच्या फलकासाठी नसते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या निक्षय मित्र उपक्रमात रुग्णांना पोषण आहाराची किट दिली जाते. देणाऱ्यांचे आम्ही ऋणी आहोत. किट घेताना रुग्णाला रांगेत उभे करून काढलेले फोटो मात्र बंद करावेत. मदतीच्या बदल्यात आजार जाहीर करावा लागणे हा अन्याय आहे.

७. अत्याचारग्रस्त स्त्री आणि मुलांची तपासणी.
तपासणी तिच्या संमतीने, बंद खोलीत आणि पोलीस बाहेर थांबवून व्हावी. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी 'टू फिंगर टेस्ट' करणे हे गैरवर्तन ठरवले आहे. आमच्या तालुक्यांत ती कुठेही होणार नाही, अशी लेखी सूचना सर्व केंद्रांना द्यावी. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालील माहिती देताना डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटले आहे. भीतीपोटी परत पाठवल्या जाणाऱ्या मुलींसाठी ही माहिती प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत पोचवावी.

८. मोबाइल आणि अपघात.
महामार्गावर अपघात झाला की जखमीच्या आधी त्याची चित्रफीत गावात पोचते. अपघात विभागात आणि १०८ रुग्णवाहिकेत मोबाइलने चित्रण करण्यास मनाई करावी आणि तसा फलक लावावा. कर्मचाऱ्यांनी रुग्णाचा रिपोर्ट किंवा एक्स-रे सामायिक व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये. तज्ज्ञाचे मत हवे असेल तर नाव झाकून आणि त्या तज्ज्ञालाच पाठवावा. जखमीला दवाखान्यात आणणाऱ्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर करता येत नाही, हेही त्याच फलकावर असावे.

९. आभा क्रमांक आणि संगणकातील नोंदी.
आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी आभा क्रमांक ऐच्छिक आहे. तो नसेल तर केसपेपर मिळणार नाही, असे कोणालाही सांगू नये. क्रमांक काढताना कोणत्या नोंदी कोण पाहू शकेल आणि परवानगी मागे कशी घ्यायची, हे मराठीत सांगावे. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला मोबाइलवरचा ओटीपी सांगितला म्हणजे संमती दिली, असे होत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'वर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत नामांकित सरकारी रुग्णालयाला कित्येक दिवस कागदावर काम करावे लागले. मग तालुक्यातल्या संगणकाचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला नसावा, एवढी तरी काळजी घ्यायला हवी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत आहे. संमतीची सूचना मराठीतून मागण्याचा हक्क हा कायदा देतो. रुग्णालयांनी मुदत संपण्याची वाट न पाहता आत्ताच तयारी करावी.

१०. कामगारांच्या वैद्यकीय तपासण्या.
कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील आणि इतर कारखान्यांतील कामगारांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी व्यवस्थापनाला 'कामासाठी योग्य' किंवा 'अयोग्य' एवढेच कळवावे. पूर्ण अहवाल कामगाराच्या हातात द्यावा. रसायनांत काम करणाऱ्याला स्वतःचे रक्त आणि फुप्फुस यांचा अहवाल मिळू नये आणि तो कार्यालयात मात्र सर्वांनी वाचावा, हा उलटा न्याय आहे.

११. स्वतःच्या नोंदी मिळण्याचा हक्क आणि तक्रारीची जागा.
मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला त्याच्या नोंदी द्याव्यात, हे २००२ च्या विनियमांत आहे. बिल थकले म्हणून कागद अडवू नयेत. रुग्णहक्कांची सनद मोठ्या मराठी अक्षरांत दारापाशी लावावी आणि तिच्याखाली तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याचे पद व दूरध्वनी द्यावा. तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त राहावे. आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख ठेवण्याचा प्रयोग राज्यात ज्या पहिल्या पाच जिल्ह्यांत झाला, त्यांत पुणे होते. त्या जनसुनवाईच्या धर्तीवर तालुक्यात वर्षातून दोनदा सुनावणी घ्यावी. तिथे रुग्णांची नावे न घेता घटना मांडता याव्यात.

गोपनीयतेची मर्यादा आम्हाला मान्य आहे

गोपनीयता अमर्याद नाही. अपघातात बेशुद्ध आलेल्या माणसाचा जीव वाचवताना सहीसाठी थांबू नये. तिथे उपचार आधी आणि कागद नंतर. न्यायालयाने मागितलेली माहिती, कायद्याने कळवायचे आजार, मुलांवरील अत्याचार आणि एखाद्या ठरावीक व्यक्तीच्या जिवाला असलेला धोका, या ठिकाणी डॉक्टरांना बोलावेच लागेल. एचआयव्ही बाधिताच्या जोडीदाराला माहिती देण्याची वाटही कायद्याने ठरवून दिली आहे. ती समुपदेशनातून आणि डॉक्टरांमार्फत जाते, शेजाऱ्यांमार्फत जात नाही. आमचा आग्रह एवढाच आहे की, ज्याला सांगणे आवश्यक आहे त्यालाच आणि आवश्यक तेवढेच सांगावे, आणि का सांगितले ते फाइलवर लिहावे.

डॉक्टर आणि आशाताई यांच्याविषयी

हे मागणीपत्र डॉक्टरांविरुद्ध नाही. ओपीडीत गर्दी, हाताशी अपुरी माणसे आणि समोर अस्वस्थ नातेवाईक अशा स्थितीत ते काम करतात, हे आम्ही रोज पाहतो. म्हणूनच समजावून सांगण्याच्या कामासाठी प्रशिक्षित समुपदेशक मागत आहोत. नीट समजावून घेतलेली संमती डॉक्टरांचेही संरक्षण करते. काही विपरीत घडले तर नातेवाईकांचा संताप बहुतेक वेळा 'आम्हाला कोणी सांगितलंच नाही' या वाक्याने सुरू होतो.

आशाताईंवर तर गावातल्या सगळ्या गुपितांचा भार आहे. कोणाचे दिवस राहिले, कोणाला क्षय आहे, कोणाचे मूल अशक्त आहे, हे सगळे त्यांच्या वहीत असते. त्यांना कुलूप लागणारी पिशवी, नोंदींसाठी स्वतंत्र मोबाइल आणि गोपनीयतेचे प्रशिक्षण द्यावे. सरपंच, पुढारी किंवा सासरची माणसे माहितीसाठी त्यांच्यावर दबाव आणत असतील, तर 'सांगता येणार नाही' असे म्हणण्याचे लेखी अधिकारपत्र वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्यांना द्यावे.

आमची जबाबदारी

गावानेही बदलायला हवे. संघटनेचे सभासद कोणत्याही रुग्णाचा रिपोर्ट, फोटो किंवा नाव पुढे पाठवणार नाहीत. दवाखान्यात आपला नंबर येईपर्यंत खोलीबाहेर थांबू आणि इतरांनाही तसे सांगू. अपघाताच्या वेळी चित्रण न करता १०८ ला फोन करू. ग्रामसभेत या विषयावर ठराव मांडू. डॉक्टर किंवा कर्मचाऱ्यांवर हात उगारणाऱ्याच्या बाजूने संघटना कधीही उभी राहणार नाही. या मागणीपत्रातही आम्ही एकाही रुग्णाचे किंवा ज्याविषयी तक्रार आहे अशा रुग्णालयाचे नाव दिलेले नाही. वैयक्तिक तक्रारी संबंधितांच्या संमतीने बंद लिफाफ्यात स्वतंत्रपणे देऊ.

अंमलबजावणीचा क्रम

पडदे, क्रमांकाने हाक, मोबाइलबंदीचा फलक आणि कुलूपबंद नोंदी यांसाठी ३० दिवस पुरेसे आहेत. मराठी व हिंदी संमतीपत्रांचे नमुने तयार करून सर्व रुग्णालयांना देण्यासाठी ९० दिवस द्यावेत. गर्भाशय शस्त्रक्रियेआधीच्या दुसऱ्या मताची व्यवस्था पुढचा गाळप हंगाम सुरू होण्याआधी उभी राहावी. समुपदेशकांची नेमणूक आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण सहा महिन्यांत व्हावे. नमुना संमतीपत्रे तयार करताना संघटनेचे प्रतिनिधी, आशाताई आणि ऊसतोड महिला यांना बैठकीला बोलवावे. भाषा त्यांना कळते की नाही, हे त्यांनीच सांगायचे आहे.

या पत्राला ३० दिवसांत लेखी उत्तर मिळावे आणि त्यात प्रत्येक मागणीपुढे मान्य की अमान्य, जबाबदार अधिकारी कोण आणि तारीख कोणती, हे तीन रकाने भरलेले असावेत. अमान्य मागणीचे कारणही द्यावे. आलेले उत्तर आम्ही ग्रामसभेत वाचून दाखवू आणि मुदती पाळल्या गेल्या का, हे प्रत्येक केंद्रात जाऊन पाहू. जे दवाखाने या गोष्टी आधीपासून पाळतात, त्यांची पद्धत इतरांना दाखवण्यासाठी संघटना त्यांच्याबरोबर काम करायला तयार आहे.

आपले विश्वासू,
वरवंड व परिसरातील रुग्ण आणि नातलगांच्या संघटनेचे पदाधिकारी व सभासद
स्थळ : वरवंड, ता. दौंड, जि. पुणे